लिस्बन: पहिल्यांदाच, एकटीनं, पाठीवर सॅक घेऊन

केळीबाग | 9 मार्च, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. जूनमध्ये सहा दिवस लिस्बनला जाते आहे. युरोपात पहिल्यांदाच पाऊल टाकणार, तेही एकटीनं. पाठीवर एक सॅक आणि हॉस्टेलमधली एक खाट, एवढाच बेत आहे.

लिस्बनच का, हे घरातही सगळ्यांनी विचारलं. मी वसईची. आमचं आडनाव पोर्तुगीज, घरातली बोली मराठी, मिस्साही मराठीतून ऐकत मोठी झाले. शाळेची सहल किल्ल्यात जायची. सर सांगायचे, 1534 ते 1739 इथं पोर्तुगीजांचं राज्य होतं, मग चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. वर्गातली सगळी मुलं टाळ्या वाजवायची, मीही वाजवायचे. घरी येऊन आजीच्या खोलीतला क्रूस पाहिला की मात्र या गोष्टीत आपण नक्की कोणाकडचे, ते मला कळायचं नाही. हा प्रश्न पस्तिशीपर्यंत पुरला. म्हणून ते शहर एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे.

व्हिसाचे कागद जमवलेत, 30,000 युरोंचा प्रवास विमाही काढला. आता विचारायचं ते असं: राहायचं कुठल्या भागात? 12 आणि 13 जूनला सेंट अँथनीचा सण असतो, तेव्हा एकटीनं बाहेर पडावं का? आणि सहा दिवसांत काय सोडून द्यावं? काय पाहावं याच्या याद्या सगळीकडे मिळतात, काय सोडावं ते कुणी सांगत नाही.

---

टेकडीवरचं घर | 10 मार्च, पहाटे 3:15

केळीबाग, मी सात वर्षं लिस्बनला आहे. सॅक आणताय हे उत्तम केलंत. चाकांची बॅग इथं हाल करते. फुटपाथ चुनखडीच्या लहान लहान चौकोनी दगडांचे आहेत आणि ते पायांनी घासून आरशासारखे झालेत. पावसाची एक सर आली की उतारावर पाय ठरत नाही. तेव्हा तळव्याला चांगली पकड असलेले, आधी वापरून सैल झालेले बूट आणा.

विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन धरा, आलामेदाला उतरून हिरवी घ्या, की जुन्या शहराच्या मध्यात पोहोचता. स्टेशनवरच्या यंत्रातून नावेगान्ते नावाचं कार्ड घ्या. कार्डाचे 50 सेंट पडतात, मग त्यात पैसे भरत राहायचं. मेट्रो, बस, ट्राम, सगळीकडे तेच चालतं.

राहायला बायशा किंवा मार्तीं मुनीशच्या आसपास बघा. आल्फामा सुंदर आहे, पण 12 जूनच्या रात्री तिथं डोळ्याला डोळा लागणार नाही. खाट आजच राखून ठेवा, त्या आठवड्यात दर फार चढतात.

28 नंबरची पिवळी ट्राम सोडून द्या, असं नाही म्हणणार. पण सकाळी लवकर, मार्तीं मुनीशहून जिथं ती सुटते तिथूनच बसा. दुपारी तिच्यात इतकी गर्दी असते की खिडकीबाहेरचं काही दिसत नाही आणि खिसेकापूंचं फावतं. सॅक पोटाशी धरा.

अजून एक. खानावळीत बसलात की न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर आणून ठेवतील. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

---

निळी छत्री | 10 मार्च, सकाळी 9:05

केळीबाग, तुझं वाचून मला माझी पहिली सफर आठवली. मी तेव्हा एकावन्न वर्षांची होते, मुलं मोठी झाली होती. लिस्बनला चार दिवस होते. सुरक्षेची धास्ती मनात घेऊन गेले होते, पण रात्री दहालाही रस्त्यावर बायका, म्हाताऱ्या, लेकरं दिसायची. तू फक्त खिसे सांभाळ, आणि दहा जणींच्या खोलीत राहणार असशील तर लॉकरसाठी स्वतःचं कुलूप ने.

खरं अवघड काय गेलं ते सांगते. एकटीनं जेवायला बसणं. पहिल्या संध्याकाळी मी चार खानावळींच्या दारातून परत फिरले आणि खोलीवर येऊन बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका लहानशा खानावळीत घुसले. तिथं कामावरची माणसं काउंटरशी उभी राहून सूप पीत होती. मीही उभी राहिले. मालकिणीनं काही न विचारता बटाटे आणि कोबीच्या बारीक चिरलेल्या पानांचं हिरवं सूप पुढ्यात ठेवलं. 'काल्दु व्हेर्द' म्हणतात त्याला. त्यानंतर मला कुठंही एकटीनं जेवायची भीती वाटली नाही. तू दुपारपासून सुरुवात कर, रात्रीपासून नको. आणि सहातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेव.

---

दगडी बुरूज | 10 मार्च, दुपारी 1:30

केळीबाग, वसईच्या माणसानं लिस्बनला जाऊन एक जागा चुकवू नये: साओ व्हिसेंट द फोरा. आल्फामाच्या वरच्या अंगाला मोठा पांढरा मठ आहे. मठाच्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याच्या कबरी आहेत आणि त्यांत कॅथरीन आहे. 1661 च्या तहानं जिच्या आंदणात मुंबई इंग्लंडच्या राजाला गेली, तीच ही. 1668 मध्ये राजानं ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर देऊन टाकलं. आपल्या इतिहासावर या बाईचा केवढा परिणाम झाला, आणि मराठी पर्यटक सगळे बेलेंला जाऊन वास्को द गामाची कबर पाहून परततात.

वास्कोचीही पाहा, पण त्याच्या मरणाची हकीकत माहीत असू द्या. तो 1524 च्या डिसेंबरात कोचीला वारला. देह 1539 मध्ये पोर्तुगालला नेला आणि बेलेंमधल्या जेरोनिमुशच्या चर्चमध्ये आणला तो थेट 1880 मध्ये. नदीकाठी टोकदार दगडी दर्शनी भिंतीचं 'काझा दुश बीकुश' आहे. 1523 मध्ये ते बांधणारा ब्राश हा गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कचा मुलगा. आत सध्या लेखक जुझे सारामागु यांच्या नावाची संस्था आहे.

तुमच्या 'कोणाकडचे' या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. पण वाईजवळ मेणवलीला घाटावर जाऊन या. तिथल्या देवळातली घंटा वसईच्या मोहिमेत आलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, साल 1707. गेली दोनशेहून अधिक वर्षं ती महादेवापुढे टांगलेली आहे आणि कुणी त्या मूर्ती घासून काढलेल्या नाहीत. मी ती पहिल्यांदा हातानं चाचपली तेव्हा बराच वेळ बोललो नव्हतो.

---

मांडवी तीर | 10 मार्च, रात्री 8:50

मी गोव्याचा, फोंड्याचा. चर्चा चांगली चालली आहे, पण एक गोष्ट बोलायला हवी. आमचा मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. 1560 मध्ये रातोरात नदीपलीकडे न्यावा लागला. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसलं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत राहिलं. लिस्बनच्या रोसियु चौकात जे देखणं राष्ट्रीय नाट्यगृह आहे, त्याच जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. लोक तिथं कारंज्यापुढे फोटो काढतात.

केळीबाग, मी तुम्हाला दोष देत नाही, तुमच्या पूर्वजांनाही नाही. फक्त त्या चौकात उभ्या राहाल तेव्हा बाजूच्या साओ दोमिंगुश चर्चकडे जा. 1506 मध्ये नवख्रिस्ती ज्यूंची कत्तल तिथून सुरू झाली, बाहेर त्यांचं स्मारक आहे. आणि गार्सिया द ओर्ताची आठवण काढा. हा वैद्य मूळ ज्यू घराण्यातला. गोव्यात राहून त्यानं आपल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, ते 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडानं होतं. तो मेल्यावर बहिणीला जाळलं, आणि 1580 मध्ये त्याचीही हाडं उकरून काढून जाळली. तिकडून पळून आलेल्या माणसाला इथंही सोडलं नाही. शहर पाहताना हे सगळं एकत्र पाहावं, एवढंच म्हणणं.

---

केळीबाग | 10 मार्च, रात्री 11:20

मांडवी तीर, वाईट वाटलं नाही. उलट हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. आमच्याकडे या गोष्टी बोलल्या जात नाहीत. चर्चमध्ये नाहीत, शाळेतही नाहीत. मी नक्की जाईन.

निळी छत्री ताई, दुपारपासून सुरुवात हे लक्षात ठेवते. खाट मार्तीं मुनीशजवळ घेतली, फक्त बायकांची खोली.

---

केळीबाग | 10 जून, रात्री 11:55

लिस्बनहून लिहिते आहे.

काल दुपारी पोहोचले. हॉस्टेलच्या मुलीनं किल्ली पुढे केली आणि म्हणाली, 'शाव'. मी चटकन म्हटलं, 'चावी!' ती हसली, तिला वाटलं मी पोर्तुगीज बोलायचा प्रयत्न करतेय. मी तिला सांगितलं की हा आमचाही शब्द आहे. मग आम्ही दोघी तिथंच काउंटरवर कोपर टेकून शब्द जुळवत बसलो. बटाटा म्हणजे 'बटाटा'च. पावाला 'पाँव'. बादली 'बाल्द', फीत 'फीता', अननस 'अननाश', कोबी 'कोव्ह', लिलाव 'लेलाँव', परात 'प्रातु'. पैसे देण्याला 'पगार' म्हणतात हे ऐकून मी दोनदा विचारलं. आजीच्या तोंडचा 'जनेल' इथं खिडकीच्या पाटीवर लिहिलेला आहे. बारा तासांच्या प्रवासानंतर पाय सुजले होते, पण मला तिथून उठवेना.

संध्याकाळी मात्र फोन बंद पडला आणि मी आल्फामात हरवले. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील. पायऱ्या संपल्या की पुन्हा पायऱ्या. घाबरले होते, खोटं कशाला सांगू. मग मनाशी म्हटलं, उतारानं जात राहिलं की नदी लागणारच. लागली. तेजुचं पात्र इथं खाडीएवढं रुंद आहे, आणि वाऱ्याला अर्नाळ्याच्या किनाऱ्यासारखा खारा वास होता.

आज कार्मुच्या मठात गेले. 1389 मध्ये बांधायला घेतलेलं गॉथिक चर्च. 1 नोव्हेंबर 1755 ला सकाळी, सर्व संतांच्या सणाची मिस्सा चालू असताना भूकंप झाला आणि छत माणसांवर कोसळलं. नंतर पुन्हा छत घातलंच नाही. उघड्या आभाळाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत, खाली गवत. आजूबाजूची मंडळी माना वर करून थक्क होऊन पाहत होती. मी एका दगडावर बसून राहिले, कारण हे मला नवीन नव्हतं. वसईच्या किल्ल्यातली चर्चं अशीच आहेत, छत नाही, कमानी आहेत, भिंतीतून झाडं आलीत. दहावीचा अभ्यास आम्ही मैत्रिणी तिथं बसून करायचो. एक शहर भूकंपानं पडलं, एक लढाईनं आणि काळानं. पण उरलेल्या दगडांत उन्हाचा कवडसा पडतो तो दोन्हीकडे सारखाच.

---

टेकडीवरचं घर | 11 जून, रात्री 12:30

पोहोचलात, बरं वाटलं. कार्मुतून खाली बायशात उतरलात की रस्ते अचानक सरळ, काटकोनात येतात, ते पाहिलंत का? भूकंप, समुद्राची लाट आणि मेणबत्त्यांनी लागलेली आग, असं तिहेरी संकट आलं होतं. राजाचा मंत्री मार्केस द पोंबाल यानं खालचं सगळं शहर नव्यानं आखून घेतलं. त्या घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा आहे, हादरा बसला तरी घर झुलावं, ढासळू नये म्हणून. नमुन्याची घरं बांधून भोवती सैन्य पाय आपटत फिरवलं आणि ती टिकतात का ते पाहिलं, असं इथं सांगतात. मी ज्या इमारतीत काम करतो ती त्याच काळातली. दुरुस्तीच्या वेळी गिलावा काढला तेव्हा आतले तिरपे वासे मी बघितलेत, हात लावून.

---

केळीबाग | 13 जून, दुपारी 4:10

रोसियुत गेले होते. साओ दोमिंगुश चर्च आतून जळालेलं आहे, 1959 च्या आगीतलं. खांब काळवंडून तडकलेत आणि तसेच ठेवलेत. मांडवी तीर, बाहेरच्या स्मारकापाशी मी गार्सिया द ओर्ता आणि त्याच्या बहिणीसाठी माळेतली एक प्रार्थना म्हटली. तुम्हाला ते कसं वाटेल माहीत नाही, पण मला दुसरं काही येत नव्हतं.

काल रात्रीचा सण. गल्लीगल्लीत शेगड्या लावलेल्या, धुरानं डोळे चुरचुरत होते. भाजत काय होते, तर तारल्या! आपल्या तारल्यांची मोठी भावंडंच. वर जाडं मीठ, खाली पावाचा जाड तुकडा. मासा खाऊन झाला की त्याचं तेल प्यायलेला पाव शेवटी खायचा. मी उभ्यानं चार खाल्ल्या, आणि ताई, एकटीनं खाल्ल्या.

दारोदारी लहान कुंड्या विकायला होत्या. गोल, गच्च, बारीक पानांची तुळशीच्या जातीची रोपं, त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. मांझेरीकु म्हणतात. मी वास घ्यायला नाक खाली नेलं तर विकणाऱ्या आजीनं माझा खांदा धरून मागे ओढलं. मग माझा तळहात घेऊन त्या रोपावरून हलकेच फिरवला आणि तो हात माझ्याच नाकाशी नेला. रोपाला थेट हुंगायचं नसतं, ते कोमेजतं, अशी इथली समजूत आहे. तिचा हात माझ्या आजीसारखाच खरखरीत होता. मी एक कुंडी घेतली.

---

केळीबाग | 14 जून, रात्री 9:30

मोकळा ठेवलेला दिवस आजचा होता. सकाळी साओ व्हिसेंटला गेले आणि बाहेर आले तेव्हा दुपार झाली होती.

दगडी बुरूज, कॅथरीन सापडली. लांबट खोली, दोन्ही बाजूंना संगमरवराच्या पेट्या. मधोमध 1908 मध्ये गोळ्या घालून मारलेला राजा कार्लुश आणि त्याचा मुलगा, आणि त्यांच्यापुढे तोंड झाकून रडणारी दगडाची बाई. लोक तिथंच थांबतात. कॅथरीनपाशी कुणी नव्हतं.

लग्न होऊन गेली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. मूल झालं नाही. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती लिस्बनला परतली आणि 1705 च्या शेवटच्या दिवशी इथंच वारली. जे बेट तिच्या नावानं दिलं, ते तिनं कधी पाहिलं नाही. माझी पणजी वसईहून माहीमला लग्न होऊन गेली तेव्हा चौदाची होती. तिच्याबरोबर काय काय दिलं ते घरात अजून तोंडपाठ आहे: दोन तांब्याचे हंडे, एक पेटारा, चार केळी लावायची जमीन. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. मी त्या कबरीपुढे राजे, तह, किल्ले सगळं आठवायला गेले होते, आणि आठवत राहिली पणजी. कॅथरीनची मला कीव आली नाही, रागही आला नाही. ओळखीची वाटली.

कोणीतरी बरोबर असतं तर मी पाच मिनिटांत बाहेर पडले असते. त्यांना कंटाळा येईल म्हणून. मी तिथं तासभर होते.

---

मांडवी तीर | 14 जून, रात्री 10:15

केळीबाग, प्रार्थनेचं वाचलं. मला बरं वाटलं. आईला वाचून दाखवलं, तिनं विचारलं मुलगी कुणाची.

---

निळी छत्री | 15 जून, सकाळी 7:40

चार तारल्या! शाबास. घरी आलीस की कळव.

---

दगडी बुरूज | 2 जुलै, सायंकाळी 6:00

तुमचं लिखाण वाचून मी आणि सौभाग्यवतींनी मार्चची तिकिटं काढली. दोन शंका. साओ व्हिसेंटला कुठल्या वारी जावं? आणि त्या कुंडीचं काय केलंत, विमानात तर नेता आली नसेल?

---

केळीबाग | 2 जुलै, रात्री 9:45

काका, मंगळवारी नाहीतर शनिवारी जा. मठाच्या मागच्या मैदानात त्या दोन दिवशी फैरा दा लाद्रा भरतो, जुना बाजार. आमच्याकडच्या आठवडी बाजारासारखाच जमिनीवर चादरी अंथरून मांडलेला असतो. मी गेले त्या शनिवारी एक म्हातारे गृहस्थ जुन्या लोखंडी चाव्या विकत होते, ढीगभर. वितीएवढी लांब, गंजलेली एक मी घेतली. पणजीच्या पेटाऱ्याची चावी हरवून चाळीस वर्षं झाली. घरी आल्यावर बाबांनी खोबरेल लावून ती घासली आणि पेटाऱ्याला लावून पाहिली. नाही लागली. पण आता ती त्याच पेटाऱ्यावर ठेवलेली असते.

कुंडी हॉस्टेलच्या मुलीला दिली. तिनं ती तिच्या जनेलात ठेवलीय.